नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधी

लॅबचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक अक्षरांकडे जाते. कुठला आकडा वाढला, कुठला घटला, शेजारच्या रकान्यातल्या मर्यादेत काय बसते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमुना घेतल्याची आणि तो लॅबमध्ये पोचल्याची वेळ छापायची असते. पुष्कळ रिपोर्टांवर पहिली वेळ नसतेच, आणि असते तिथेही ती अनेकदा नोंदणीच्या खिडकीवर संगणकाने आपोआप टाकलेली असते. रक्त प्रत्यक्षात कधी काढले, कुठल्या नळीत भरले, ती नळी कुठे आणि किती वेळ पडून राहिली, हे रिपोर्ट सांगत नाही. ही न छापलेली माहिती हाच या पुस्तकाचा विषय आहे.

रुग्णाच्या शिरेपासून यंत्रापर्यंतचा प्रवास एकट्या लॅबच्या हातात नसतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात. रुग्ण उपाशीपोटी येतो किंवा वाटेत चहा पिऊन येतो. वॉर्डातली सिस्टर किंवा डीएमएलटी झालेला तंत्रज्ञ रक्त काढतो, कुणीतरी नळीवर नाव लिहितो, वॉर्डबॉय ट्रे उचलतो, कलेक्शन सेंटरचा मुलगा दुचाकीवर डबा बांधून निघतो. इतक्या हातांतून गेलेला नमुना लॅबच्या टेबलावर येतो, तेव्हा वाटेत त्याचे काय झाले याची खूण बहुतेक वेळा दिसत नाही. यंत्र समोर आलेले मोजते. पोटॅशियम ६.८ निघाले तर ६.८ छापते. ते रुग्णाच्या अंगातले की नळीत वाढलेले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

गेल्या पाऊणशे वर्षांत प्रयोगशाळांनी आपल्या चार भिंतींच्या आतली शिस्त विलक्षण सुधारली. १९४७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बेल्क आणि संडरमन यांनी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखी द्रावणे पाठवून निकाल मागवले. एकाच द्रावणाची इतकी वेगवेगळी उत्तरे आली की बरीचशी मान्य मर्यादेबाहेर पडली. तीनच वर्षांनी लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यांतली गुणवत्ता-आलेखाची पद्धत प्रयोगशाळेत आणली. आजही तंत्रज्ञ सकाळी कामाला बसला की आधी ‘कंट्रोल’ लावतो आणि त्या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख पाहतो. १९५७ मध्ये लेनर्ड स्केग्ज यांचा ऑटोअॅनलायझर बाजारात आला आणि हाताने केलेल्या मोजमापातल्या चुका भराभर कमी झाल्या. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेत देशभरातल्या लॅब उत्तर माहीत नसलेले नमुने तपासतात आणि आपला आकडा इतरांशी ताडून पाहतात.

या चोख व्यवस्थेत एक मोठी फट राहिली. वेल्लोरहून आलेली कुपी त्या लॅबच्या माणसाने कुणाच्या शिरेतून काढलेली नसते. तिच्यासाठी कुणाच्या दंडाला पट्टा बांधलेला नसतो. ती उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत तापलेली नसते, तिच्यावर दुसऱ्याचे नाव पडण्याची शक्यता नसते. लॅब या परीक्षेत उत्तम गुणांनी पास होते, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या गावाहून आलेल्या नमुन्याचे चुकीचे उत्तर देते, कारण चूक तिच्या दारात येण्याआधीच घडून गेलेली असते.

ही चूक मोजण्याचे मोठे काम इटलीतल्या पादुआ शहरात झाले. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या तातडीच्या प्रयोगशाळेत मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी तीन महिने रुग्णालयाच्या चार विभागांतून येणाऱ्या तपासण्यांवर लक्ष ठेवले. वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सना त्यांनी सांगून ठेवले होते, एखादा निकाल रुग्णाशी जुळत नाही असे वाटले तर लगेच कळवा. १९९७ साली त्यांनी हिशेब मांडला. ४०,४९० तपासण्यांत १८९ चुका सापडल्या. त्यांतल्या ६८.२ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच्या होत्या आणि प्रत्यक्ष मोजणीतल्या फक्त १३.३ टक्के. उरलेल्या चुका निकाल कळवताना झालेल्या. जवळजवळ तीन चतुर्थांश चुकांचा रुग्णावर काही परिणाम झाला नाही. पण ३७ जणांच्या नशिबी नको त्या पुढच्या तपासण्या आल्या आणि १२ जणांच्या उपचारांत चुकीचा बदल झाला.

दहा वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत हीच पाहणी पुन्हा झाली. मधल्या काळात यंत्रे बदलली होती, संगणक आले होते. चुकांचे एकूण प्रमाण घटले, दर दहा लाख तपासण्यांमागे ४,६६७ होते ते ३,०९२ वर आले. पण चुकांतला मोठा वाटा होता तिथेच राहिला: ६१.९ टक्के चुका नमुना तपासायला घेण्यापूर्वीच्या. पादुआचे आकडे जगभर उद्धृत होतात आणि त्यांचा आधार घेऊन बरीच मार्गदर्शक तत्त्वे लिहिली गेली. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ही पाहणी एका सुसज्ज रुग्णालयातली आहे, जिथे वॉर्ड आणि लॅब एकाच आवारात आहेत. नमुना एसटीने, जीपने किंवा दुचाकीने चाळीस-पन्नास किलोमीटर जातो तिथले वास्तव यापेक्षा सोपे असण्याचे काही कारण नाही.

चुका होतात कशा, हे समजून घ्यायला पोटॅशियमइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. रक्तातल्या पातळ भागात पोटॅशियम थोडे असते, सुमारे ३.५ ते ५. तांबड्या पेशींच्या आत ते वीसपटीहून जास्त असते. पेशी फुटल्या की आतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा चढतो. लॅबमध्ये अशा नमुन्याला ‘हिमोलाइज्ड’ म्हणतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा भाग पिवळसर दिसण्याऐवजी गुलाबी किंवा लालसर दिसतो. त्याची कारणे अगदी साधी आहेत: फार बारीक सुई, जोराने मागे ओढलेला सिरिंजचा दट्ट्या, सुई न काढता नळीत दाबून सोडलेले रक्त, वाळू न दिलेले स्पिरिट, हलकेच उलटीपालटी करण्याऐवजी खळखळून हलवलेली नळी. यांतल्या एकाही गोष्टीला महाग उपकरण लागत नाही, लागतो तो चांगला शिकवलेला हात.

पण फुटलेल्या पेशी निदान दिसतात तरी. पोटॅशियम चढवणाऱ्या काही गोष्टी अजिबात दिसत नाहीत. शीर सापडेना की रक्त काढणारा म्हणतो, ‘मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा.’ हाताच्या स्नायूंतून तेवढ्यात पोटॅशियम बाहेर पडते. १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत छापून आली. त्याचे पोटॅशियम वारंवार वाढलेले निघे, आणि कारण होते रक्त देताना मूठ आवळण्याची पद्धत. वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते, म्हणून डॉक्टर तातडीने इन्शुलिन-ग्लुकोज, कॅल्शियम, प्रसंगी डायलिसिसचा विचार करतात. मुळात पोटॅशियम ठीक असलेल्या माणसाला ते उतरवणारे औषध देणे धोक्याचे असते.

दुसरे अदृश्य कारण थंडी. नमुना फ्रिजमध्ये ठेवला की सुरक्षित झाला, ही समजूत घरोघरी आहे आणि दवाखान्यांतही आहे. दुधाच्या बाबतीत ती बरोबर आहे. रक्ताच्या बाबतीत नाही. तांबड्या पेशी पोटॅशियम आत धरून ठेवतात ते सतत चालणाऱ्या एका पंपाच्या जोरावर, आणि थंडीत हा पंप मंदावतो. संध्याकाळी काढलेले रक्त सीरम वेगळे न करता रात्रभर फ्रिजमध्ये राहिले, तर सकाळपर्यंत पोटॅशियम पेशींतून झिरपून बाहेर येते. पेशी फुटलेल्या नसतात, सीरमचा रंगही स्वच्छ असतो, त्यामुळे तंत्रज्ञालाही शंका येत नाही. योग्य पद्धत अशी: प्लेन नळीतले रक्त साधारण अर्धा तास गोठू द्यायचे, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे करायचे आणि मग ते थंड ठेवायचे. ज्या केंद्रात सेंट्रिफ्यूज नाही किंवा असून वीज नाही, तिथे हा क्रम मोडतो.

लालसर दिसला की नमुना फेकून द्यावा, असा सरसकट नियम करणेही चुकीचे ठरेल. गडचिरोलीत, विदर्भाच्या इतर भागांत किंवा नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण आहेत, हिवतापाचे आहेत. त्यांच्या अंगातच पेशी फुटत असतात. तिथे सीरमचा लालसरपणा हाच आजाराचा पुरावा असू शकतो. दुसरा नमुना नीट काळजी घेऊन काढायचा, दोन्ही ताडून पाहायचे आणि डॉक्टरांशी बोलायचे, एवढा वेळ लॅबने काढायलाच हवा.

साखरेची गोष्ट पोटॅशियमच्या उलट आहे. नळीतले रक्त जिवंत असते, त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उपाशीपोटी १३० साखर असलेल्या माणसाचे रक्त शिबिरात सकाळी घेतले आणि तीन तासांनी तपासले, तर आकडा ११० च्या खाली आलेला असू शकतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर म्हणजे मधुमेह, असे निदान होते. म्हणजे तो माणूस मधुमेही असून ‘जरा जपा’ एवढा सल्ला घेऊन घरी जातो. विदर्भाच्या मे महिन्यात ही घसरण आणखी वेगाने होते. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी वापरतात. पण फ्लोराइड पेशींची साखर खाण्याची साखळी तिच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एका टप्प्यावर तोडते, त्यामुळे पहिला तास-दोन तास घसरण चालूच राहते. सायट्रेट मिसळलेल्या नव्या नळ्या ती जवळजवळ लगेच थांबवतात. हे कितीतरी डॉक्टरांनाही ठाऊक नसते, आणि शिबिरे भरवणाऱ्या मंडळींपर्यंत तर ते पोचलेलेच नाही.

नळ्यांच्या टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. जांभळ्या टोपणात ईडीटीए, निळ्यात सायट्रेट, हिरव्यात हेपॅरिन, करड्यात फ्लोराइड, लाल किंवा पिवळ्यात सीरम. भरण्याचाही क्रम ठरलेला आहे: आधी ब्लड कल्चर, मग निळी, मग सीरमची, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी. क्रम बदलला किंवा जांभळ्या नळीतले जादा रक्त लाल नळीत ओतले, तर ईडीटीएसोबतचे पोटॅशियम लाल नळीत जाते आणि तेच ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवते. रिपोर्टवर पोटॅशियम अशक्य वाटावे इतके वर आणि कॅल्शियम अशक्य वाटावे इतके खाली. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट ही जोडी पाहताच फोन उचलतो. अनुभव नसलेल्या ठिकाणी रिपोर्ट तसाच वॉर्डात जातो. निळ्या नळीत एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागते. नळी अर्धीच भरली की रक्त गोठण्याचा वेळ उगाच वाढलेला दिसतो, आणि वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा डोस त्या आकड्यावरून बदलला जाऊ शकतो.

पावसाळा संपता संपता डेंग्यूच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे लक्ष एका आकड्यावर खिळलेले असते: प्लेटलेट्स. सकाळी ६० हजार, संध्याकाळी ३५ हजार, आणि नातेवाईक रक्तपेढ्यांत धावत सुटतात. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखर घटतात, यात शंका नाही. पण रक्त काढायला वेळ लागला, नळी वेळेवर उलटीपालटी केली नाही, तर तळाशी बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट्स त्यांत अडकतात. काही माणसांच्या रक्तात तर ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्राला त्या झुंबडीतली प्रत्येक पेशी वेगळी मोजता येत नाही, आकडा खोटाच खाली येतो. काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की दोन मिनिटांत उलगडा होतो. गरज पडल्यास सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजायचे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या भरण्याची गरज नसते, असे डेंग्यूची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरी खोट्या आकड्याच्या धास्तीने पिशव्या चढतात, त्या ज्यांना खरोखर हव्यात त्यांच्या वाट्याच्या कमी होतात.

आतापर्यंतच्या चुकांत नमुना निदान त्याच माणसाचा होता. एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या नावाने नळीत जाणे ही सगळ्यांत भयंकर चूक, आणि ती सहज होते. एका वॉर्डात दोन सुनीता पाटील असतात. प्रसूतिगृहात बाळाचे नाव ठेवलेले नसते, जुळे असले तर गोंधळात भर पडते. गर्दीच्या सकाळी नळ्यांवर आधीच नावे लिहून ठेवण्याची सवय असते, मग ट्रेमधली भलतीच नळी हातात येते. २००३ साली वॉल्टर डिझिक आणि सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या ६२ रुग्णालयांच्या आकडेवारीवरून दाखवले, की रक्तगटासाठी आलेल्या साधारण दर दोन हजार नमुन्यांमागे एकात चिठ्ठीवर नाव एकाचे आणि नळीत रक्त दुसऱ्याचे असते. चुकीच्या गटाचे रक्त चढले तर माणूस दगावू शकतो. आपल्याकडे रक्त चढवल्यानंतरच्या दुष्परिणामांची देशपातळीवर नोंद ठेवण्याचा कार्यक्रम डिसेंबर २०१२ मध्ये नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेतून सुरू झाला. तो महत्त्वाचा आहे, पण तो चूक घडल्यानंतरची नोंद ठेवतो. ही चूक थांबते ती खाटेजवळच, ‘तुम्ही सुनीताताई ना?’ असे न विचारता ‘तुमचे पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ असे विचारण्याने. पहिल्या प्रश्नाला तापाने ग्लानीत असलेली बाई नुसती मान हलवते.

रक्त पुन्हा काढता येते. काढलेली गाठ पुन्हा काढता येत नाही. म्हणून या पुस्तकातले ऊतींच्या नमुन्यांवरचे प्रकरण शल्यचिकित्सकांनी आवर्जून वाचावे. स्तनाची गाठ काढल्यावर ती तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि सहा ते ७२ तास त्यात राहायला हवी. हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ या तपासण्या त्यावर अवलंबून असतात, आणि कोणते औषध द्यायचे हे त्या तपासण्यांवर. फॉर्मॅलिन गाठीच्या आकारमानाच्या निदान दहापट हवे. ते ऊतीत सावकाश शिरते, म्हणून मोठा अवयव कापून उघडा करून ठेवावा लागतो, नाहीतर बाहेरचा थर टिकतो आणि मधला भाग कुजतो. छोट्या गावातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये पुष्कळदा हाताशी असेल ती बाटली घेतली जाते, अरुंद तोंडाची. मऊ गाठ कशीतरी आत ढकलली जाते, फॉर्मॅलिनने कडक झाली की बाहेर निघत नाही. कधी फॉर्मॅलिनच नसते, म्हणून सलाईनमध्ये ठेवतात आणि पिशवी नातेवाइकाच्या हाती देऊन पुण्या-मुंबईला पाठवतात. बाईवर शस्त्रक्रिया व्यवस्थित झालेली असते, मोठ्या केंद्रातला पॅथॉलॉजिस्ट निष्णात असतो, आणि मधल्या दीड दिवसाच्या प्रवासात तिच्या उपचारांची दिशा ठरवणारा पुरावा नासलेला असतो.

क्षयरोगाच्या बाबतीत गोव्याचा उल्लेख अभिमानाने करावा लागेल. तिथल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही क्षयरोगाचे जंतू आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा क्षय ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. इतके चांगले यंत्र दारात आले तरी डबीत बेडक्याऐवजी नुसती लाळ आली तर ते काय सांगणार? रुग्णाला आधी चूळ भरायला सांगणे, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगणे, मोकळ्या हवेत बाजूला उभे करणे, सकाळचा पहिला नमुना आणायला समजावणे, हे काम आशाताई किंवा केंद्रातला तंत्रज्ञ करतो. ‘क्षय नाही’ असा रिपोर्ट मिळालेल्या कितीतरी लोकांनी मुळात बेडका दिलेलाच नसतो.

गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात विकार शोधायला सुरुवात केली. ही पद्धत अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गुथ्री यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. टिपकागदावरचे थेंब आडवे ठेवून, उन्हापासून दूर, काही तास नीट वाळवावे लागतात. कोकण-गोव्याच्या जुलैत हे तेवढे सोपे नसते, आणि ओलसर कागद पाकिटात बंद झाला की काही विकर नष्ट होतात. जिनीव्हात किंवा दिल्लीत लिहिलेल्या सूचना स्थानिक हवेप्रमाणे तपासून घ्याव्या लागतात, याचे हे एक उदाहरण पुरे.

महाराष्ट्रात या विषयाची निकड गेल्या दशकात वाढली आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये मोफत तपासण्यांची योजना आणली. राज्यात २०१७ पासून ‘महालॅब’च्या नावाने सरकारी दवाखान्यांतले नमुने गोळा करून मध्यवर्ती प्रयोगशाळांत तपासले जाऊ लागले. खासगी साखळी-लॅबही याच रीतीने चालतात: गल्लोगल्ली कलेक्शन सेंटर आणि तपासणी शहरातल्या एका मोठ्या ठिकाणी. ज्या बाईला थायरॉइडच्या तपासणीसाठी जिल्ह्याला जायला दिवस आणि रोज दोन्ही बुडवावे लागत, तिला ती गावाजवळ आणि फुकट मिळू लागली, हा फार मोठा लाभ आहे. मात्र यंत्रे एकवटली तसे शीर आणि यंत्र यांमधले अंतर वाढले. पूर्वी शेजारच्या खोलीतून येणारा नमुना आता घाट उतरून येतो. त्या रस्त्यावर जितका पैसा आणि लक्ष द्यायला हवे, तितके दिले गेलेले नाही. डब्यात तापमानाची नोंद करणारे छोटे उपकरण, केंद्रात चालणारा सेंट्रिफ्यूज आणि त्यासाठी खात्रीची वीज, नमुना उचलण्याच्या ठरलेल्या वेळा, यांचा खर्च एका मोठ्या यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

कायद्याचे लक्षही आजवर वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे राहिले. रिपोर्टवर सही कुणी करायची, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे स्पष्ट केले. निर्णय योग्यच होता. पण रक्त कुणी काढायचे, त्याचे किमान शिक्षण काय, वर्षातून किती वेळा त्याच्या कामाची पाहणी व्हायची, यावर तेवढ्या हिरिरीने कुणी भांडले नाही. आयएसओ १५१८९ या मानकात नमुना घेण्यापासून पोचवण्यापर्यंतच्या अटी आहेत आणि एनएबीएल त्यानुसार मान्यता देते. पण ही मान्यता बहुतांशी ऐच्छिक आहे आणि छोट्या लॅब तिच्याबाहेर आहेत. सकाळच्या उपाशीपोटीच्या दोन-तीन तासांत घरोघर फिरून रक्त काढणारा मुलगा नमुन्यामागे पैसे घेऊन काम करतो. घाई हाच त्याच्या कमाईचा पाया केला, तर नळी दहा वेळा हलकेच उलटी करायला आणि नाव समोर लिहायला तो वेळ कुठून आणणार? या साखळीतल्या सर्वांत निर्णायक माणसाला सर्वांत कमी पगार आणि सर्वांत कमी शिक्षण मिळते, ही गोष्ट बदलल्याशिवाय बाकीच्या सुधारणा वरवरच्या राहतील.

सुधारणा होते, याचे पुरावे आहेत. पादुआची दुसरी पाहणी त्यांतलाच एक. युरोप आणि लॅटिन अमेरिकेच्या संघटनांनी २०१८ साली मिळून शिरेतून रक्त काढण्याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत काही गूढ नाही: रुग्णाला खुला प्रश्न विचारून ओळख पटवा, पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नका, मूठ आवळायला लावू नका, नळीवरची चिठ्ठी रुग्णासमोर लावा. नव्या यंत्रांना सीरमचा लालसरपणा आपोआप मोजता येतो. किती नमुने नाकारले, कुठल्या वॉर्डातून आले, कोणत्या कारणाने, याची दरमहा नोंद ठेवून ती त्या वॉर्डाला दाखवली की प्रमाण उतरते. मात्र ही नोंद शिक्षेसाठी वापरली की लगेच खोटी होऊ लागते. आठला काढलेले रक्त दहाला काढले असे लिहिले जाते, आणि मग सुधारणेला आधारच उरत नाही. ज्या लॅबमध्ये तंत्रज्ञ ‘नमुना परत पाठवा’ असे न घाबरता म्हणू शकतो आणि वॉर्डातली सिस्टर त्याचा राग मानत नाही, तिथला रिपोर्ट भरवशाचा असतो.

हे पुस्तक सिस्टर, तंत्रज्ञ, कलेक्शन सेंटर चालवणारे आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहे. पुढची प्रकरणे रक्त, लघवी, थुंकी, ऊती आणि स्वॅब अशा क्रमाने जातात. प्रत्येक प्रकरणातल्या कृतींचा तक्ता फाडून भिंतीवर लावला तरी चालेल. रुग्ण आणि नातेवाइकांनीही ते चाळावे, कारण या साखळीतला पहिला दुवा तेच आहेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगावे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की या गोळ्यांमुळे हृदयविकाराच्या ट्रोपोनिनसारख्या तपासणीचा आकडाही चुकू शकतो. उपाशीपोटी बोलावले असेल तर चहा प्यायल्याचे लपवू नये, लघवीची बाटली सकाळी भरून दुपारपर्यंत पिशवीत ठेवू नये. आणि रक्त देताना आपले पूर्ण नाव आपल्या तोंडाने सांगावे, नळीवर ते डोळ्यांदेखत लिहिले जाईपर्यंत खुर्चीवरून उठू नये.